नियम कोणी बदलला?

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या काही रुग्णांना अमिओडॅरोन नावाची गोळी दिली जाते. गोळी गुणकारी आहे, पण तिच्यात आयोडीन भरपूर असल्याने थायरॉइडचे काम मंदावू शकते किंवा वाढू शकते. म्हणून ती चालू असताना थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत, दाराबाहेर रांग लागलेली असताना, ही गोष्ट डॉक्टरच्या नजरेतून सुटू शकते. अशा वेळी संगणकाने आठवण करून दिली, तर बरेच वाटते.

पण आठवण करून देणाराच विसरला तर?

अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये तसेच घडले. रुग्ण वर्षभर अमिओडॅरोन घेत असेल आणि त्या काळात टीएसएच झाली नसेल, तर डॉक्टरला सूचना द्यायची, असा नियम तिथल्या संगणकप्रणालीत होता. २०१३ मध्ये प्रात्यक्षिक दाखवताना सूचना आलीच नाही. शोध घेतल्यावर कळले, की २००९ मध्ये औषधांच्या यादीत अमिओडॅरोनचा अंतर्गत क्रमांक बदलला होता आणि नियम मात्र जुनाच क्रमांक शोधत बसला होता. नियमाला कोणी हातही लावला नव्हता, तरी तो निकामी झाला. जुन्या क्रमांकाने नोंद झालेल्या रुग्णांसाठी सूचना येत राहिल्या, त्यामुळे त्यांची संख्या हळूहळू घटली आणि कोणाला शंका आली नाही.

त्याच प्रणालीत दोन वर्षांच्या मुलांच्या रक्तातील शिसे तपासण्याची सूचनाही बंद पडली होती. त्या नियमात लिंग आणि धूम्रपान यांविषयीच्या अटी घुसल्या होत्या. दोन वर्षांच्या बाळाला धूम्रपानाची अट! बदलांची नोंद अपुरी असल्याने हे कसे झाले, याचा नेमका छडा लागला नाही. तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे सारे स्वतःहून प्रसिद्ध केले, हे त्यांचे मोठेपण.

ही झाली नकळत घडलेली चूक. दुसरे उदाहरण जाणूनबुजून केलेल्या गोष्टीचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोची प्रॅक्टिस फ्यूजन ही कंपनी दवाखान्यांना संगणकीय केसपेपर पुरवत असे. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामके, विकणाऱ्या एका कंपनीकडून तिने सुमारे १० लाख डॉलर घेतले आणि वेदनेविषयीची सूचना कशी असावी, यात त्या कंपनीला हात घालू दिला. ही सूचना २०१६ ते २०१९ डॉक्टरांना दिसत राहिली. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने साडेचौदा कोटी डॉलर भरून खटला मिटवला. डॉक्टरला वाटत होते, की पडद्यावर वैद्यकशास्त्र बोलते आहे.

आता आपल्याकडेही आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे रुग्णालय, प्रयोगशाळा आणि मोबाइल अॅप एकमेकांशी जोडले जात आहेत. दोन संगणकप्रणाली ज्या दारातून बोलतात, त्याला एपीआय म्हणतात. रुग्णालयातील औषधांची खिडकी आठवा. आपण चिठ्ठी आत सरकवतो, फार्मासिस्ट ती तपासून औषध देतो. आपण आत जाऊन कपाट उघडत नाही. एपीआयही असाच हवा. बाहेरच्याने मागणी करावी, नियम आतच राहावेत.

सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जीवावर बेतते. ‘रोज’ असे लिहू न देणारी अट फक्त मोबाइलच्या पडद्यावर असेल, तर दुसऱ्या अॅपकडून थेट आलेली चिठ्ठी तिला चुकवून आत शिरेल. म्हणून ती अट मुख्य सर्व्हरवर हवी आणि चिठ्ठी कुठूनही आली, तरी तिच्यातूनच जायला हवी. चिठ्ठी पाठवण्याचा अधिकार म्हणजे नियम बदलण्याचा अधिकार नव्हे. नियम लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा हवा. मंजुरी देणाऱ्यांत औषधाची जाण असलेला माणूस हवाच.

मात्र नुसते कुलूप पुरत नाही. बोस्टनमध्ये नियम जसाच्या तसा होता, बदलले ते त्याच्या शेजारचे. म्हणून प्रत्येक बदलानंतर खोटे, नमुन्याचे रुग्ण प्रणालीतून फिरवून सूचना येते का, हे पाहावे. रोज किती सूचना येतात, यावरही लक्ष ठेवावे, कारण आकडा अचानक वाढणे किंवा कमी होत जाणे हेदेखील लक्षणच आहे. आणि मालकच विकला गेला, तर कुलपाचा काय उपयोग? नियम कोणी ठरवला आणि पैसे कोणी दिले, हे डॉक्टरला दिसलेच पाहिजे.

मी निवासी डॉक्टर असताना आमच्या वॉर्डातल्या सिस्टर केसपेपरवरची खाडाखोड चालवून घेत नसत. “डॉक्टर, एक रेघ मारा. जुने वाचता आले पाहिजे. नवे बाजूला लिहा, सही करा, तारीख टाका,” असे त्या बजावत. तेव्हा राग यायचा. आज वाटते, संगणक बनवणाऱ्यांनाही अशा सिस्टर भेटायला हव्यात.

तोवर रुग्णांनी एवढे करावे. दीर्घकाळ चालणारी गोळी मिळाली, की ती कशासाठी, रोज की आठवड्यातून एकदा आणि कोणती तपासणी केव्हा, हे विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. तपासणीची वेळ उलटली, तर डॉक्टरांना बिनधास्त आठवण करून द्यावी. आम्हाला त्याचा राग येत नाही आणि आला, तरी विचारावेच.