ठरलेल्या किमतीचं इटालियन जेवण आणि चार पेपरची गोष्ट

रेस्टॉरंट वीक हा प्रकार आता बऱ्याच शहरांत रुळलाय. ठरावीक दिवस अनेक रेस्टॉरंट एकाच किमतीत तीन कोर्सचं जेवण देतात. याची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन त्या वर्षी तिथे होतं. टिम झगाट आणि जो बॉम यांच्या पुढाकारातून निघालेल्या या योजनेत दुपारच्या जेवणाची किंमत ठेवली होती १९.९२ डॉलर. साल हीच किंमत!

इटालियन जेवण या साच्यात छान बसतं. आधी अँटिपास्टी, मग पास्ता किंवा मासा-मटण, शेवटी तिरामिसू किंवा पन्ना कोटा. एरवी मेन्यूकार्डच्या उजव्या रकान्याकडे नजर ठेवून मागवणारा माणूस इथे निवांत असतो, कारण बिल आधीच माहीत असतं. आता संशोधक म्हणून प्रश्न विचारूया: तेच जेवण कमी किमतीत मिळालं, तर ते जास्त आवडतं की कमी?

दोन्ही बाजूंनी बोलता येतं. स्वस्तात मिळालं म्हणून माणूस खूश होईल. किंवा उलट, ‘एवढ्या कमी पैशांत देतायत म्हणजे काही खास नसणार’ असं त्याच्या मनात येईल. दुसरी शक्यता हवेतली नाही. २००८ साली हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकच वाइन वेगवेगळी किंमत सांगून प्यायला दिली. जास्त किंमत सांगितली तेव्हा लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखद अनुभवाशी जोडलेल्या भागात फरक दिसला. म्हणजे प्रश्न चांगला आहे. पण चांगला प्रश्न हाती असणं आणि त्याचं उत्तर मिळणं यात बरंच अंतर असतं.

रेस्टॉरंट वीकमध्येच का नाही मोजायचं?

सोपं वाटतं: रेस्टॉरंट वीकमध्ये ग्राहकांना चवीला एक ते नऊमध्ये गुण द्यायला सांगा, एरवीच्या आठवड्यातही सांगा, आणि दोन सरासऱ्यांची तुलना करा. झालं काम!

नाही झालं. रेस्टॉरंट वीकला येणारे लोक वेगळे असतात. बरेच जण तिथे पहिल्यांदाच आलेले असतात, मित्रांच्या घोळक्यात असतात. मेन्यू छोटा असतो, गर्दी असते, किचनवर ताण असतो. गुणांत फरक दिसला तरी तो किमतीमुळे की गर्दीमुळे की माणसांमुळे, हे सांगता येणार नाही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. किमतीबरोबर आणखी चार गोष्टी बदलल्या, आणि आपण सगळं श्रेय किमतीला दिलं.

उपाय एकच: जागा तीच, जेवण तेच, दिवसही तेच, फक्त किंमत बदलायची. आणि कोणाला कोणती किंमत हे नशिबावर सोडायचं.

हा प्रयोग खरंच झाला होता

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये. तिथे ‘हवं तेवढं खा’ असा बुफे होता: पिझ्झा, पास्ता, सॅलड, एकच किंमत. आपल्या अनलिमिटेड थाळीसारखंच. कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वॉनसिंक यांच्या गटाने काही ग्राहकांना तो बुफे आठ डॉलरला दिला आणि काहींना चार डॉलरला. नंतर एक प्रश्नावली भरून घेतली. वॉनसिंक तेव्हा खूप नावाजलेले होते. खाण्याच्या सवयींवरचं त्यांचं संशोधन वर्तमानपत्रांत, टीव्हीवर सतत यायचं.

या डेटावर चार पेपर निघाले. एकात निष्कर्ष होता की कमी पैसे दिलेल्यांना जेवण कमी चविष्ट लागलं. दुसऱ्यात, कमी पैसे देऊन भरपूर खाल्लेल्यांना जास्त पस्तावा झाला. तिसरा पेपर पहिला घास आणि शेवटचा घास यांतून मत कसं बनतं यावर होता. चौथ्यात तर पुरुष बायकांसोबत असले की जास्त खातात असा दावा होता.

एक क्षण थांबा. प्रयोग किमतीचा होता. मग बायकांसोबत जेवणारे पुरुष यात कुठून आले?

उत्तर आधी, प्रश्न नंतर

याचं उत्तर वॉनसिंक यांनी स्वतःच २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये दिलं, तेही कौतुकाच्या सुरात. त्यांनी लिहिलं की हा प्रयोग मुळात फसला होता, अपेक्षित परिणाम दिसला नव्हता. परदेशातून एक पीएचडीची विद्यार्थिनी विनावेतन काम करायला आली. तिला हा डेटा देऊन यातून काहीतरी काढता येईल असं त्यांनी सांगितलं. लॅबमधल्या एका पोस्टडॉकने असं काम नाकारलं होतं, हिने मात्र नाही म्हटलं नाही, आणि म्हणून तिच्या नावावर इतके पेपर झाले, असा त्या लिखाणाचा सूर होता.

२०१८ मध्ये काही ईमेलही बातम्यांतून बाहेर आले. डेटाचे कसे तुकडे पाडून बघायचे याची त्यात यादीच होती: पुरुष, स्त्रिया, दुपारी येणारे, रात्री येणारे, एकटे बसणारे, बुफेजवळ बसणारे, लांब बसणारे...

यात बिघडतं काय ते आकड्यांतच बघा. आपण पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०५ ठेवतो. म्हणजे प्रत्यक्षात काहीच परिणाम नसला, तरी एका चाचणीत ‘सापडलं!’ असं वाटण्याची शक्यता ५ टक्के. अशा २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी खोटा शोध लागण्याची शक्यता होते सुमारे ६४ टक्के. आणि पेपरमध्ये फक्त तीच एक चाचणी छापली, बाकी एकोणीस गाळल्या, तर वाचकाला कळणार कसं?

साध्या गणिताने पकडलं

ते लिखाण वाचून टिम व्हॅन डर झी, जॉर्डन अनाया आणि निक ब्राउन यांनी चारही पेपर तपासले. त्यांच्याकडे मूळ डेटा नव्हता, फक्त छापलेले तक्ते होते. २०१७ मध्ये त्यांनी सुमारे १५० विसंगतींची यादी प्रसिद्ध केली. एकाच प्रयोगातल्या माणसांची संख्या पेपरनुसार बदलत होती. काही ठिकाणी डिग्रीज ऑफ फ्रीडम सँपलपेक्षा जास्त होते, जे शक्यच नाही.

डेटाशिवाय असं काही पकडण्याची एक युक्ती तुम्हीही शिकून ठेवा. तिचं नाव ग्रिम टेस्ट, ती निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी मांडली. समजा २० जणांनी चवीला पूर्णांकात गुण दिले. बेरीज पूर्णांकच येणार, त्यामुळे सरासरी ०.०५ च्या पटीतच असणार. बेरीज १३६ असेल तर ६.८०, १३७ असेल तर ६.८५. मग तक्त्यात ६.८३ छापलं असेल, तर कुठेतरी गडबड आहे. दोन दशांश स्थळं दिली असतील आणि माणसं शंभरापेक्षा कमी असतील, तर ही तपासणी कागद-पेन घेऊन होते.

पुढे पस्ताव्याचा पेपर मागे घेतला गेला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ‘जामा’च्या नियतकालिकांनी वॉनसिंक यांचे आणखी सहा पेपर मागे घेतले. कॉर्नेलच्या चौकशीत संशोधनातला गैरप्रकार सिद्ध झाला, आणि त्यांनी राजीनामा दिला.

तुमच्या टेबलावर हा डेटा आला तर?

मला यात सर्वात जवळची वाटते ती विद्यार्थिनीची जागा. नवा देश, मोठा गाईड, आणि ‘यातून काहीतरी काढ’ हे वाक्य. आपल्यापैकी अनेकांना ते कधी ना कधी ऐकायला मिळेल. थेट नाही म्हणणं प्रत्येकाला जमत नाही, पण तीन गोष्टी जमतात.

एक, डेटा उघडण्याआधी आपला प्रश्न आणि नेमकी चाचणी तारखेसह लिहून ठेवा. शक्य असेल तर प्रीरजिस्ट्रेशन करा. दोन, नंतर डेटा चाळून काही वेगळं दिसलं तर ते जरूर सांगा, पण ‘हे शोधता शोधता दिसलं, नव्या डेटावर तपासायला हवं’ असं स्पष्ट लिहा. किती चाचण्या केल्या तेही लिहा. तीन, ‘फरक दिसला नाही’ हाही निकाल आहे. प्रबंधात त्याला जागा द्या.

आणि मूळ प्रश्न? स्वस्तातलं इटालियन जेवण कमी चविष्ट लागतं का, हे या चार पेपरांच्या भरवशावर सांगता येत नाही. इतके दिवस खर्चून, इतक्या लोकांना जेवू घालून हाती आलेलं खरं उत्तर कदाचित ‘किमतीने फारसा फरक पडत नाही’ एवढंच होतं. ते तसंच छापलं असतं, तर आज कोणीतरी त्याच्यापुढचा प्रयोग करत असतं.