दंतकथा पाण्यात, जलचर दगडात

चंद्रपूरच्या जंगलात वाघ पाहायला आलेली जिप्सी ताडोबा तलावाच्या काठाशी थांबतेच. सुमारे १२० हेक्टरांचं हे तळं, भोवती साग-बांबूचं रान, आणि काठावरच्या झाडाखाली तारू या गोंड देवाचं ठाणं. वाघाशी झुंजताना प्राण गेलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला, असं इथले आदिवासी मानतात. या जंगलाला नाव मिळालं ते त्याचंच.

या तळ्याची आणखी एक कथा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तेव्हाच्या चांदा जिल्ह्याची माहिती गोळा केली, त्यात तीही टिपली गेली. डोंगरातून एक वरात चालली होती आणि सगळे तहानेने व्याकूळ झाले होते. नवरा-नवरीने जमीन उकरली, झरा फुटला, पाणी वाढतच गेलं आणि सगळी वरात त्यात बुडाली. तळाशी अदृश्य हातांनी त्यांच्यासाठी घर बांधलं. काठावर एक ताड उगवला. तो दिवसा वर येई आणि संध्याकाळी जमिनीत जाई. यात्रेकरूंनी हाक दिली की पाण्यातून स्वयंपाकाची भांडी वर येत, मात्र काम झालं की ती धुऊन परत सोडायची. एका लोभी माणसाने ती घरी नेली आणि तेव्हापासून भांडी यायची बंद झाली. शांत रात्री पाण्यावरून ढोल आणि तुतारीचा आवाज फिरतो, आणि पाणी फार आटलेल्या एका वर्षी खोलात देवळाचे सोनेरी कळस चमकताना दिसले होते, असंही जुने लोक सांगत.

या कथांत देव आहे, झाड आहे, माणसाचा लोभ आहे. लांब मानेचा राक्षसी प्राणी मात्र कुठेच नाही. तरीही ‘तळ्यातलं गूढ’ म्हटलं की आज अनेकांच्या डोळ्यांपुढे तोच प्राणी उभा राहतो आणि तो डायनासोरच्या काळातून उरलेला असावा, असं वाटू लागतं. ही कल्पना गोंडवनातली नाही. तिचा उगम स्कॉटलंडमध्ये आहे आणि तिचं वय शंभर वर्षंही नाही.

लॉक नेसची गोष्ट

मे १९३३ मध्ये इन्व्हर्नेस इथल्या एका वर्तमानपत्राने लॉक नेस तळ्यात मोठा प्राणी दिसल्याची बातमी छापली. पुढच्याच वर्षी ‘डेली मेल’मध्ये पाण्यातून मान वर काढलेल्या प्राण्याचं छायाचित्र झळकलं आणि जगभर गाजलं. खेळण्यातल्या पाणबुडीवर बनावट मान बसवून ते काढलं होतं, हे उघड व्हायला १९९४ साल उजाडलं. पण तोवर त्या आकृतीला एक वैज्ञानिक वाटणारं नाव चिकटलं होतं : प्लेसिओसॉर. मेरी अ‍ॅनिंग हिने १८२३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर या सरीसृपाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा शोधला, तेव्हापासून ही लांब मान युरोपच्या ओळखीची झाली होती.

प्लेसिओसॉर खरोखर होऊन गेले. ते डायनासोर नव्हते, जलचर सरीसृपांचा तो वेगळा गट होता. बहुतेक समुद्रात राहत, काही गोड्या पाण्यातही. पण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते सगळे संपले. लॉक नेस जेमतेम दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत हिमनदीच्या बर्फाखाली होतं. ज्या तळ्यात पाणीच नव्हतं, त्यात कोट्यवधी वर्षं प्राणी टिकून राहणार कसा?

दुसरी अडचण संख्येची आहे. एकटा प्राणी युगानुयुगं जगत नाही. वंश टिकायचा तर नर-माद्यांचा पुरेसा मोठा कळप हवा, त्याला पुरेल इतके मासे हवेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हाडं तळाच्या गाळात सापडायला हवीत. शिवाय सरीसृपाला फुप्फुसं असतात, म्हणजे श्वासासाठी त्याला दिवसातून अनेकदा वर यावंच लागतं. असा कळप एखाद्या तळ्यात असेल तर तो गूढ राहूच शकत नाही.

अलीकडे याची थेट तपासणीही झाली. प्रत्येक जीव त्वचेचे, विष्ठेचे सूक्ष्म अंश पाण्यात सोडत असतो आणि त्यांतला डीएनए ओळखता येतो. न्यूझीलंडचे जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल यांच्या पथकाने २०१८ मध्ये लॉक नेसमधून पाण्याचे सुमारे २५० नमुने घेतले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले : सरीसृपाचा डीएनए अजिबात नाही, वाम जातीच्या माशांचा मात्र भरपूर.

सिलाकँथचा दाखला आणि सिरोंचा

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. सिलाकँथ नावाचा मासाही डायनासोरांबरोबर संपला असं मानत होते; मग १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो ताजा कसा मिळाला? एक परतला, तर दुसरा का नाही?

याचं उत्तर शोधायला स्कॉटलंडला जायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून इथल्या खडकांना ‘कोटा स्तर’ हे नाव मिळालं. साधारण १७ ते १९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे जुरासिक काळात, इथे नद्या आणि उथळ तळी होती. त्या तळ्यांच्या चुनखडीत मासे जसेच्या तसे दबून राहिले. चकचकीत जाड खवल्यांचा लेपिडोटिस हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. आणि याच कोटा स्तरातून १९७४ मध्ये सोहनलाल जैन यांनी एका सिलाकँथचं वर्णन केलं : इंडोसिलाकँथस रोबस्टस. जगाला चकित करणाऱ्या माशाचा एक प्राचीन नातलग आपल्या प्राणहितेच्या खोऱ्यात पोहत होता.

मग तो इथे का टिकला नाही? कारण ते तळंच टिकलं नाही. तळं जन्मतं, गाळाने भरत जातं आणि मरतं. बहुतेक तळ्यांचं आयुष्य काही हजार वर्षांचं. सायबेरियातल्या बैकलसारखं अडीच कोटी वर्षांचं सरोवर हा जगातला विरळा अपवाद आहे. समुद्र मात्र अखंड राहिला. सिलाकँथचे काही वंशज खोल समुद्रातल्या कड्याकपारींत तगले, जिथे जीवाश्म बनणं आणि ते आपल्या हाती लागणं दोन्ही कठीण. आजचा सिलाकँथही जुना जसाच्या तसा उरलेला नाही, त्याची प्रजाती वेगळी आहे. म्हणून सिलाकँथचा दाखला तळ्यातल्या राक्षसाच्या बाजूने उभा राहत नाही, उलट त्याच्या विरोधातच जातो.

इथले खरे जलचर

गूढ प्राण्याच्या मागे धावताना आपण जे हरवतो, ते इथल्या खडकांत आहे. कुठल्याही कल्पित प्राण्यापेक्षा ते मला अधिक विलक्षण वाटतं.

पूर्वीच्या चांदा मुलखातल्या मांगली इथून मिळालेली एक कवटी रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये वर्णिली. ओवेन म्हणजे ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे शास्त्रज्ञ. हा प्राणी ब्रॅकिओप्स : रुंद, चपट्या, आखूड डोक्याचा उभयचर. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर अजून जन्मायचे होते तेव्हा, तो इथल्या पाण्यात दबा धरून बसत असे.

त्यानंतरचा पॅरासुकस. प्राणहितेपलीकडच्या, आता तेलंगणात असलेल्या मालेरीच्या खडकांत तो मिळाला. लांब तोंड, अणकुचीदार दात, पाठीवर हाडांच्या ढाली. पाहणारा त्याला मगरच म्हणेल. पण मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी असतात, याच्या डोळ्यांजवळ होत्या. तो मगरींचा पूर्वज नव्हता. पाण्यात दडून शिकार करायची तर कोणतं शरीर उपयोगी पडतं, हा प्रश्न निसर्गाने दोन वेगळ्या वंशांत सोडवला आणि उत्तर जवळपास सारखंच आलं. शंकर चटर्जी यांनी अभ्यासलेल्या पॅरासुकसच्या सांगाड्यांत पोटाच्या जागी मालेरीसॉरस या लहान सरीसृपाची हाडं मिळाली. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं शेवटचं जेवण दगडात शाबूत राहिलं होतं.

मग जुरासिकमधला बारापासॉरस. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना १९६०च्या सुमारास प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात किमान सहा जनावरांची सुमारे ३०० हाडं मिळाली, मोठमोठ्या झाडांच्या दगड झालेल्या ओंडक्यांसोबत. कोणत्या तरी महापुराने जनावरं आणि झाडं एकत्र वाहून आणून गाडली असावीत. हा डायनासोर जमिनीवर राहणारा शाकाहारी होता; त्याची मान लांब होती, पण तो तळ्यातला नव्हता. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. सिरोंचाजवळच्या वडधममध्ये तशीच दगड झालेली झाडं आणि जीवाश्म वन विभागाने जपले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा भागातलं पिसदुरा याहून अलीकडचं, डायनासोरांच्या अखेरच्या काळातलं. तिथे कासवांचे जीवाश्म मिळतात आणि डायनासोरांची दगड झालेली विष्ठाही. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि गवत डायनासोरांच्या काळातही होतं, हे जगाला कळलं. पाठ्यपुस्तकं बदलायला लावणारा हा पुरावा चंद्रपूरच्या मातीतून निघाला.

मगर, आवाज आणि मृगजळ

मग पाण्याच्या दंतकथा येतात कुठून? त्यांची मुळं डायनासोरच्या काळात नाहीत, माणसाच्या रोजच्या अनुभवात आहेत.

पहिला अनुभव मगरीचा. ताडोबा तलावात आजही मगरी आहेत. १९७०च्या दशकात ताडोब्यात त्यांच्या संवर्धनाचं कामही झालं. चार मीटरची मगर पाण्याखाली निश्चल पडून राहते आणि दिसतात ते फक्त डोळे आणि नाकपुड्या. पाणी भरायला किंवा जाळं टाकायला गेलेल्या माणसाला तिच्याइतकी भीती दुसऱ्या कशाची वाटणार? मगरीला आपण सर्रास ‘डायनासोरच्या काळातली’ म्हणतो. तिचं घराणं तितकं जुनं आहे हे खरं, पण मगरीची आजची प्रजाती त्या मानाने बरीच अलीकडची. घराणं जुनं म्हणून माणूस जुना ठरत नाही, तसंच हे.

दुसरा अनुभव आवाजाचा. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. अशा थरांत ध्वनिलहरी वर निसटून जाण्याऐवजी खाली वाकतात आणि पाण्यावरून दूरवर पोचतात. जंगलापलीकडच्या गावातला ढोल मग तळ्यातूनच वाजल्यासारखा ऐकू येऊ शकतो. प्रकाशाचंही तसंच. थंड पाण्यावर उबदार हवा असली की किरण वाकतात आणि तरंगता ओंडका उंच ताणलेला दिसतो. डब्ल्यू. एच. लेन यांनी १९७९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तळ्यातल्या राक्षसांच्या काही वर्णनांचा अर्थ असाच लावून दाखवला.

तिसरा अनुभव बुडून मरण्याचा. विहिरी-नद्यांवर साती आसरा मानणाऱ्या महाराष्ट्राला तो वेगळा सांगायला नको. झरा उकरता उकरता बुडालेली वरात ही पाण्याच्या देण्याची आणि घेण्याचीही आठवण आहे. भांडी परत न करणारा लोभी माणूस राज्यातल्या कितीतरी तळ्यांच्या कथांमध्ये भेटतो. पाण्यातून गरजेपुरतंच घ्यावं, हा त्यातला नियम आजही तितकाच खरा आहे.

जीवाश्म पाहून दंतकथा सुचतात का, हा प्रश्न इथे येतोच. माणूस जीवाश्मांना अर्थ देतो, हे आपण जाणतो. देवघरातला शाळिग्राम हा गंडकीच्या खोऱ्यातला, जुरासिक समुद्रातल्या अमोनाइटचा ठसा आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात शेतकरी ज्या गोल दगडांना कुलदैवत म्हणून पूजत, ती डायनासोरची अंडी असल्याचं २०२३ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं. पण ताडोब्याच्या कथेला प्राणहितेच्या हाडांशी जोडणारा असा कोणताही धागा नाही आणि तो आपण कल्पनेने विणूही नये.

दोन्ही जपणारा माणूस

या जिल्ह्यांच्या इतिहासात दंतकथा आणि जीवाश्म दोन्ही मनापासून गोळा करणारा एक माणूस होऊन गेला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. तिथलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. कोटा, मांगली, पिसदुरा इथल्या जीवाश्मांचा सुरुवातीचा अभ्यास त्यांच्या धडपडीतून उभा राहिला. पॅरासुकसच्या प्रजातीचं नावही ‘हिस्लोपी’ आहे. त्याच माणसाने परधान समाजातल्या एका गायकाकडून गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथा उतरवून घेतली. त्यात पूर आलेली नदी ओलांडताना मगर गोंडांना दगा देते आणि कासव त्यांना पाठीवर घेऊन तारतं. कासवाला इजा करायची नाही, ही शपथ तिथूनच आली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडून गेले. लिंगो-कथा १८६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली.

हिस्लॉप यांनी कथेतल्या मगरीला खडकातल्या प्राण्याचा पुरावा केलं नाही, की खडकातल्या कवटीला कथेचा राक्षस. मला हेच महत्त्वाचं वाटतं. गोंडांच्या कथेत ‘उरलेला डायनासोर’ शोधणं म्हणजे त्या कथेतला देव, शपथ आणि पाण्याचा नियम पुसून तिला चुकीची प्राणिशास्त्रीय नोंद बनवणं. आणि खडकातल्या जिवांना राक्षसाच्या गोष्टीचा आधार लागणं म्हणजे कोट्यवधी वर्षांचा पक्का पुरावा दुय्यम ठरवणं. यात दोघांवरही अन्याय होतो.

या दोन्ही ठेव्यांना आज धोका आहे. उघड्यावरचं हाड पावसात झिजतं, कुतूहलाने उचललं जातं, आणि एकदा जागेवरून हललं की कोणत्या थरातलं, कोणत्या काळातलं ही त्याची साक्ष कायमची जाते. कथा सांगणारे म्हातारे गेले की त्यांच्याबरोबर कथाही जातात. सिरोंचाच्या शाळेतल्या मुलाला वडधमच्या दगडी ओंडक्याची गोष्ट कळायला हवी. शेतात नांगराला अनोळखी हाड लागलं तर ते न हलवता कळवायचं, हे प्रत्येक गावाला माहीत हवं. आणि ताडोब्याची, लिंगोची कथा ज्यांची आहे त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच तोंडून नोंदली जायला हवी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे खऱ्या जलचरांची पंचवीस कोटी वर्षांची वंशावळ आहे. परदेशातला राक्षस उसना आणायची या मुलखाला काहीच गरज नाही.