हट्ट नव्हे, भीती

सांगितलेले निमूटपणे करणारे मूल गुणी आणि 'नाही' म्हणणारे मूल हट्टी, अशी सरळ विभागणी घरोघरी व शाळाशाळांतून केली जाते. हट्टी मुलावरचे उपायही ठरलेले आहेत. प्रथम समजावणी, मग आमिष, मग धाक आणि अखेरीस शिक्षा. बहुतेक मुलांच्या बाबतीत यांपैकी कोठल्या तरी पायरीवर काम भागते. परंतु काही मुले अशी असतात की, प्रत्येक पायरीसरशी त्यांचा नकार अधिकच कडवा होत जातो. दात घासणे, बूट घालणे, जेवायला बसणे अशा साध्या गोष्टींवरून त्यांच्या घरी रोज रणकंदन माजते. अशा मुलांचा नकार हा हट्ट नसून ती भीती असू शकते, ही गोष्ट जगाच्या ध्यानात येऊ लागली त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांचे लक्ष या मुलांकडे गेले. त्यांच्याकडे तपासणीसाठी येणारी काही मुले स्वमग्न मुलांची आठवण करून देत, पण स्वमग्नतेच्या तेव्हाच्या ठरीव चित्रात ती बसत नसत. एकमेकांशी मात्र त्यांचे विलक्षण साम्य होते. १९८० च्या सुमारास न्यूसन यांनी या स्वभावविशेषाला 'पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स' असे नाव दिले. मागणी टाळण्याची पराकोटीची प्रवृत्ती, असा त्याचा मराठीत आशय सांगता येईल. १५० पर्यंत मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा निबंध पुढे २००३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे 'मागणी' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. आज्ञा ही मागणी आहेच. पण प्रश्न, वेळापत्रक, शाळेची घंटा, किंबहुना 'शाबास, उद्याही असेच कर' हे कौतुकही मागणीच होय. एवढेच नव्हे, तर स्वतःला मनापासून हवी असलेली गोष्टसुद्धा 'आता ती करायची' अशी वेळ येताच या मुलांना ओझे वाटू लागते. सहलीची आठवडाभर वाट पाहणारे मूल ऐन सकाळी अंथरुणातून उठत नाही. ते मूल कोणाला छळण्यासाठी असे वागत नाही. परिस्थिती आपल्या हातातून निसटत आहे या जाणिवेने त्याचे मन धास्तावते आणि ती हातात ठेवण्याचा एकच मार्ग, म्हणजे नकार, त्याला दिसतो, असे अभ्यासक सांगतात.

हा नकार नेहमी उघड नसतो. मूल विषय बदलते, सबबी सांगते, पायच हलत नाहीत म्हणते, मांजर होऊन म्याव म्याव करते, गोड बोलून समोरच्याला गुंगवते. या सर्व युक्त्या थकल्या की मग आकांत, आदळआपट, मारहाण सुरू होते. मराठीत रूढ झालेला 'स्वमग्न' हा शब्द येथे काहीसा फसवा ठरतो. स्वतःतच बुडालेले, अबोल, नजर चुकवणारे मूल त्या शब्दाने डोळ्यांपुढे उभे राहते. ही मुले पुष्कळदा बोलकी असतात, नाटकात रमतात, माणसांत मिसळल्यासारखी दिसतात. त्यामुळेच त्यांची अडचण खरी वाटत नाही. शिवाय न्यूसन यांना अशा मुलांत मुलगे व मुली जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळल्या होत्या.

या प्रकाराची वेगळी दखल घेण्याचे व्यावहारिक कारण असे की, स्वमग्न मुलांसाठी एरवी उपयोगी पडणारे काही उपाय येथे उलटतात. ठरीव दिनक्रम, स्पष्ट सूचना, पूर्ण केलेल्या कामाबद्दल बक्षीस यांनी अनेक स्वमग्न मुलांना आधार मिळतो. मागणीनेच धास्तावणाऱ्या मुलाला मात्र तोच दिनक्रम पिंजरा वाटतो आणि बक्षीस हे गोड वेष्टनातले फर्मान वाटते. ज्या औषधाने रोग बळावतो, त्याचीच मात्रा वाढवीत नेल्यासारखे ते होते.

या गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत कुटुंबाला मोजावी लागते. यातील अनेक मुले शाळेत सारा वेळ दात-ओठ घट्ट मिटून वागतात आणि घराचा उंबरठा ओलांडताच फुटतात. 'आमच्याकडे तर अगदी शहाण्यासारखा असतो,' असे शिक्षक प्रामाणिकपणे सांगतात. त्यातून निष्कर्ष एकच निघतो: दोष घराचा, विशेषतः आईचा.

स्वमग्नतेच्या इतिहासात हे आरोपपत्र नवे नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या वर्णनातून स्वमग्नतेची ओळख करून दिली. त्यानंतर दोन-अडीच दशके आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही कल्पना प्रतिष्ठित होती. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातही तिचाच पुरस्कार केला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच या कल्पनेला सबळ आव्हान दिले होते. कालांतराने ती टाकून देण्यात आली. पण तोवर असंख्य मातांनी तो कलंक वाहिला.

आज मागणी टाळणाऱ्या मुलांच्या घरी त्याच कलंकाचा नवा अवतार दिसतो. खुद्द इंग्लंडमध्ये मूल विनापरवाना शाळेत गैरहजर राहिल्यास पालकांना दंड होऊ शकतो. २०२४ पासून दंडाची रक्कम ८० पौंड असून मुदतीत न भरल्यास ती १६० पौंड होते. भीतीने दाराबाहेर पाऊल टाकू न शकणाऱ्या मुलाच्या आईबापांनाही या कायद्याचा धाक वाटला, तर त्यात आश्चर्य नाही.

या नावाविषयी मतभेद आहेत, ही बाब लपविण्याचे कारण नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेत किंवा २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र स्थान नाही. उपलब्ध संशोधन तोकडे असून ते बरेचसे पालकांच्या उत्तरांवर विसंबलेले आहे, हा आक्षेप रास्त आहे. काही स्वमग्न विचारवंतांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. दुसऱ्याच्या मागणीला नकार देणे हा मुळात रोग का मानावा, असे ते विचारतात आणि 'पॅथॉलॉजिकल' या शब्दालाच हरकत घेतात. हा वाद विद्वानांनी अवश्य चालवावा. परंतु नावाचा निकाल लागेपर्यंत मुलाची रोजची सकाळ थांबून राहत नाही. रोगाच्या यादीत नाव नाही म्हणून मदत नाही, आणि मदत नाही म्हणून मूल अधिक बिघडते, अशा कोंडीत कुटुंबाला ठेवणे न्यायाचे नाही.

मदत म्हणजे तरी काय? इंग्लंडमधील पालक-संघटना व शिक्षक यांच्या अनुभवातून जो मार्ग पुढे आला आहे, त्याचे सूत्र मागण्यांचे ओझे कमी करणे हे आहे. सुरक्षिततेसारख्या मोजक्या गोष्टी अढळ ठेवाव्यात आणि बाकीच्यांचा आग्रह सोडावा. 'बूट घाल' असे फर्मावण्याऐवजी 'हे बूट आज कोठे दडून बसले बरे?' असे म्हणावे. दोन पर्याय देऊन निवड मुलाकडे सोपवावी. घाई टाळावी, विनोदाचा आधार घ्यावा. आकांताच्या वेळी उपदेश न करता शांत राहावे, कारण तो आकांत काही मिळवण्यासाठी नसतो आणि मागितलेली वस्तू हातात देऊन तो थांबतही नाही.

हे लाड नव्हेत काय, असा प्रश्न सुजाण वाचकाच्या मनात येईल. पाय मुरगळलेल्या मुलाला कोणी शर्यतीत पळवत नाही, आणि त्याला विश्रांती दिली म्हणून त्याचे लाड केले असेही कोणी म्हणत नाही. येथेही मागण्या कायमच्या रद्द करावयाच्या नसतात. भीती ओसरली, विश्वास बसला की त्या हळूहळू वाढविता येतात.

महाराष्ट्रातील शिक्षकांना व कर्मचाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा २१ प्रकारच्या अपंगत्वांत समावेश करून सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. कायद्याचे शब्द वर्गात उतरतात ते लहानशा कृतींतून. मोठा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकालाही एखाद्या मुलाला सर्वांसमोर अचानक उभे न करणे, तोंडी उत्तराऐवजी लेखी उत्तर स्वीकारणे, असह्य झाल्यास मूल कोणाजवळ जाऊन बसेल हे आधी ठरवून ठेवणे अशक्य नाही. 'शाळा सुटल्यावर घरी काय होते?' हे आईला दोषारोप न करता विचारणे तर मुळीच अशक्य नाही. प्रमाणपत्रासाठी आलेले मूल खिडकीपाशी छान गप्पा मारते, एवढ्यावरून 'याला काय झाले आहे?' असा शेरा कारकुनाने मारू नये, एवढी अपेक्षाही अवाजवी म्हणता येणार नाही.

आज्ञाधारकपणा हा संस्काराचा पुरावा मानण्याची आपल्या समाजाला जुनी सवय आहे. ती सवय सर्वांच्याच बाबतीत सोडावी, असे कोणी म्हणत नाही. मात्र जेथे प्रत्येक आज्ञेसरशी मूल अधिक घाबरते आणि घर अधिक एकाकी पडते, तेथे आवाज चढविण्यापूर्वी मोठ्यांनी क्षणभर थांबावे. मुलाला करावयाचे नाही की करता येत नाही, याचा शोध घेणे हे शिक्षकाचे व पालकाचे पहिले काम आहे. त्या शोधाआधी दिलेली शिक्षा, ती कितीही सद्हेतूने दिलेली असली तरी, अन्यायच ठरण्याचा संभव अधिक.