आशेला हवी पुढची पायरी

जखमी सैनिकाच्या खाटेजवळ उभे राहिले की ‘काळजी करू नका, सगळे पूर्ववत होईल’ असे शब्द सहज ओठांवर येतात. पक्षाघाताने किंवा खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांशीही आपण असेच बोलतो. हेतू चांगला असतो. पण गेलेली शक्ती पूर्णपणे परत येणार नाही, हे ज्याला उमगले आहे त्याला या शब्दांचा आधार वाटत नाही. मग आधार देणारी आशा कशी असते? अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचा इतिहास याचे उत्तर देतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जारज्जूला इजा झालेला सैनिक फार दिवसांचा सोबती नाही, असेच मानले जाई. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी अनेकांचा बळी घेतला. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी ही समजूत नाकारली. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे आणि त्वचेची व मूत्राशयाची निगा राखणे, येथून त्यांनी सुरुवात केली. त्यानंतर रुग्णांना काम दिले, खेळ दिला. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना या रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुष चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे.

याच वाटेवरचा एक प्रवासी आपल्या सांगली जिल्ह्यातला. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते उपचाराचा भाग म्हणून. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि हातांच्या बळावर पुढे सरकता येते. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांचे पाय बरे झाले नाहीत. जगण्याचा मार्ग मात्र बदलला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी आशेची तीन अंगे सांगितली: स्पष्ट ध्येय, तेथे पोहोचण्याचे मार्ग आणि ‘मी या मार्गाने जाऊ शकेन’ हा विश्वास. एक मार्ग बंद झाला की आशावादी मनुष्य दुसरा शोधतो. सैनिकाला मोहिमेचे टप्पे पाडण्याची आणि अडथळा आल्यास योजना बदलण्याची सवय असते. ही शिस्त त्याला येथे उपयोगी पडते. ती घरीही अंगी बाणवता येते.

आपण कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर पुढील गोष्टी करून पाहा. ध्येय रुग्णालाच ठरवू द्या. ‘नातवंडांबरोबर ओट्यावर बसायचे आहे’ असे त्यांनी म्हटले, तर तेच ध्येय. मग फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने त्याच्या पायऱ्या पाडा: आधाराने बसणे, खाटेवरून खुर्चीत येणे, खुर्ची ओट्यापर्यंत नेणे. जमलेली गोष्ट दिनदर्शिकेवर टिपून ठेवा. जे काम त्यांना स्वतःला हळूहळू का होईना जमते, ते मायेपोटी हिरावून घेऊ नका. एखादी पायरी जमलीच नाही, तर दोष न देता दुसरा मार्ग विचारा. खोटे आश्वासन टाळा, ‘चालता येईल का, ते आज सांगता येत नाही, पण या आठवड्यात बसण्याचा सराव करू’ हे वाक्य अधिक बळ देते.

आणि आपण स्वतः वयोवृद्ध किंवा रुग्ण असाल, तर निराशेचा एखादा दिवस आला म्हणून आपण हरलो असे समजू नका. रणांगण पाहिलेल्या जवानांनाही असे दिवस येतात. मात्र उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, झोप व भूक मंदावली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना विनासंकोच सांगा. मदत मागणे हीसुद्धा पुढची पायरीच आहे. उद्या सकाळी कोणती पायरी चढायची, एवढे मात्र आज रात्री निजण्यापूर्वी ठरवून ठेवा.