बर्फाच्या पोटातला कच्चा थर

गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरांहून उंच नेऊन सोडतो. तिथून स्की करत आखलेल्या, गस्तीच्या वाटेबाहेर पडलात की हिमस्खलनाचा धोका तुमचा तुम्हीच जोखायचा. फेब्रुवारी २०१० मध्ये याच परिसरात, खिलनमर्गला, सराव करणारे १७ जवान हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू दगावले.

खरा धोका बहुधा वरून दिसतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या थंडीच्या. जमिनीलगतच्या उबेतून वाफ वर सरकते आणि तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे, भरड दाणे होतात. मूठ आवळली तरी त्यांचा गोळा वळत नाही. पश्चिमी विक्षोभ येऊन त्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ टाकतो, वारा तो उताराच्या आडोशाला आणखी रचतो. मग एका माणसाच्या वजनानेही वरची अख्खी लादी सुटू शकते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, भेगा धावल्या, तर तिथूनच मागे फिरा.

गाडला गेलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घटते. मदतपथक तेवढ्यात पोहोचणे कठीण. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे संदेश-यंत्र), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाच्या पाठीवर हवेच, आणि ते वापरण्याचा सराव निघण्यापूर्वी करा.