सरफोजींचा मनोरा आणि समुद्रगाईंचं कुरण

नेपोलियन बोनापार्टचा पाडाव झाला याचा आनंद तंजावरच्या मराठी राजाला झाला, आणि तो त्याने पाल्कच्या उपसागराच्या काठी आठ मजले उंच बांधून ठेवला. तंजावरला जाणारी मराठी मंडळी बृहदीश्वर पाहतात, देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसलेवंशाचा इतिहास बोटाने चाचपतात, सरस्वती महालात पोथ्यांपुढे हात जोडतात आणि कुंभकोणमच्या गाडीत बसतात. समुद्राकडे कोणी फिरकत नाही. वास्तविक शहरापासून साधारण पासष्ट किलोमीटरवर, पट्टुक्कोट्टै मागे टाकून नारळीच्या बागांमधून गेलेला रस्ता मल्लिपट्टिणम या मासेमारीच्या गावी पोचतो, आणि तिथून जवळच दुसऱ्या सरफोजीराजांचा हा मनोरा उभा आहे. षटकोनी घडणीचा, सुमारे २३ मीटर उंच, भोवती तट आणि खंदक. इतर भाषांबरोबर मराठीतही तिथे लेख कोरलेला आहे. ब्रिटिशांच्या मित्राने त्यांच्या विजयाची आणि बोनापार्टच्या पतनाची आठवण म्हणून हे उभारलं, असा त्याचा आशय. साल १८१४. वॉटर्लूची लढाई झाली १८१५च्या जूनमध्ये. म्हणजे मनोऱ्याचा चुना धड वाळला नसेल तोच बोनापार्ट एल्बा बेटावरून निसटून पॅरिसात परतला होता! सरफोजीराजांच्या दरबारात ही बातमी आली तेव्हा काय चेहरे झाले असतील, याची कल्पना करायला मला आवडतं.

हसू आवरून पाहिलं तर राजाची अडचण दिसते. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. उरला होता तंजावरचा किल्ला, वसुलाचा पाचवा हिस्सा आणि ठरलेली नेमणूक. फौज नाही, आरमार नाही, परराष्ट्रसंबंध नाहीत. अशा राजाने छापखाना काढला, ग्रंथ जमवले, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या, आणि समुद्राकाठी दोस्ताच्या विजयाचं स्मारक बांधलं. मनोऱ्याचा दीपगृहासारखा उपयोग होई, जवळ जहाजं बांधण्याची जागा होती, असंही सांगतात.

पण या किनारपट्टीवर भोसल्यांचं खरं काम मनोऱ्याच्या आधीचं आहे. हा सगळा रामेश्वराचा रस्ता. काशीहून निघालेला यात्रेकरू तंजावर ओलांडून इकडे वळे, आणि त्याच्यासाठी वाटेवर छत्रं होती. छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र घ्या: तिथे जेवण मिळे, पोरांना शिकवलं जाई, आजारी वाटसरूला औषध मिळे. कंपनी ही छत्रंही ताब्यात घेईल या धास्तीने सरफोजींनी १८०१ साली तंजावरच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं आणि छत्रं आपल्याकडेच राहावीत अशी गळ घातली. त्यांच्या सगळ्या लिखाणात मला हे पत्र सर्वांत राजाला शोभणारं वाटतं. मल्लिपट्टिणमच्या शेजारी आजही सेतुबावाछत्रम नावाचं गाव आहे. तंजावरच्या मराठी मठांमध्ये सेतुबावास्वामींचा मठ आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बसच्या पाटीवर हे नाव तमिळ लिपीत वाचताना थोडं आपलं वाटतं.

१८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले, मुलगा नव्हता, राज्य खालसा झालं. पुढे मनोरा राज्य पुरातत्त्व खात्याच्या यादीत गेला. पट्टुक्कोट्टैची कुटुंबं रविवारी डबे घेऊन येत, पोरं तटावरून उड्या मारत, संध्याकाळी सगळे घरी जात. बाकी सांगण्यासारखं शतकभर काही घडलं नाही, निदान जमिनीवर तरी.

घडत होतं ते पाण्याखाली. पाल्कचा उपसागर म्हणजे तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्या मधला उथळ समुद्र. खुल्या महासागराच्या लाटा श्रीलंका अंगावर घेते, त्यामुळे इकडचं पाणी बहुतेक काळ शांत असतं. तळ वाळूचा आणि गाळाचा, ऊन तळापर्यंत पोचणारं. अशा जागी समुद्री गवत वाढतं. हे शेवाळ नव्हे. याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. कोळंबी, खेकडे, माशांची पिलं याच्या आडोशाने वाढतात, आणि या कुरणात चरायला येते ती ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाय. तमिळ कोळी तिला कडल् पसु म्हणतात, जुने लोक आवुलिया म्हणतात. एक मोठं जनावर दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खातं. मादी वर्षभराहून जास्त काळ गाभण असते आणि दोन वेतांमध्ये तीन ते सात वर्षं जातात. अशा प्राण्याची शिकार थोडी जरी झाली तरी संख्या भरून यायला पिढी जाते. शिकार थोडी झाली नाही. मांस चवदार लागतं आणि औषधी आहे असा समज होता. कायद्याने १९७२ सालीच मनाई केली, तरी गुपचूप विक्री पुढे बरीच वर्षं चालली.

गवताचा खरा काळ ठरला तो ट्रॉलर. साठ-सत्तरच्या दशकांत कोळंबीला परदेशात भाव आला, सरकारने यांत्रिक नौकांना प्रोत्साहन दिलं, आणि तळ खरवडत जाणारं जाळं या उथळ कुरणांवरून फिरू लागलं. लहान होडीवाले, म्हणजे नाट्टुपडगुवाले, आणि विसैपडगुवाले ट्रॉलरमालक यांची भांडणं तेव्हापासूनची. त्यातून दिवस वाटून घ्यायची रीत पडली: आठवड्याचे तीन दिवस ट्रॉलरचे, बाकीचे लहान होड्यांचे. कोकणात पर्ससीन नेटवरून जे रण माजतं ते पाहिलेल्या वाचकाला हे नवं नाही. पण दिवस वाटून घेण्याइतका समजूतदारपणा आपल्याकडे कधी दिसला नाही, हेही कबूल करायला हवं.

मग २६ डिसेंबर २००४. त्सुनामीने शेजारच्या नागपट्टिणम जिल्ह्यात हाहाकार केला. तंजावरचा किनारा श्रीलंकेच्या आडोशाला असल्याने त्या मानाने बचावला, पण मनोऱ्याला इजा झाली. २००७ साली त्याची डागडुजी झाली. त्या काळातल्या बहुतेक किनारा-विकासाच्या कामांचा तोंडवळा एकच होता: भिंत, बाग, बाकडी, दिवे. यात वाईट काही नाही. माणसांना बसायला बाकडं लागतंच. पण पाण्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला समोरच्या पाण्यात काय चाललंय ते विचारावं, असं त्या नकाशांमध्ये कुणाला सुचलं नव्हतं.

ते सुचलं मनोऱ्याजवळच्या वेलिवयल गावात काम करणाऱ्या ओम्कार या संस्थेला. सागरी जीवशास्त्रज्ञ वेदराजन बालाजी यांनी ती उभी केली. बालाजींनी कोळ्यांच्या गावांत जाऊन गवत कुठे होतं, कुठून गेलं, आवुलिया शेवटची कधी दिसली, हे विचारायला सुरुवात केली. बुडी मारून नकाशे काढण्याचं कामही झालं, पण त्या नकाशांना आकार आला तो म्हाताऱ्या कोळ्यांच्या आठवणींमुळे. नंतर उजाड तळावर गवत पुन्हा लावायचे प्रयोग झाले. रीत अगदी साधी: बांबूच्या चौकटीला काथ्याचे दोर ताणून बांधायचे, दोरांत गवताचे जिवंत कोंब अडकवायचे, आणि चौकट तळावर ठेवून द्यायची. कोंब मुळं धरेपर्यंत बांबू आणि काथ्या टिकतात, मग कुजून जातात. सिमेंट नाही, प्लास्टिक नाही, आणि हे काम करणारे हात गावातलेच. नारळाच्या पट्ट्यात काथ्याला काय तोटा!

२०१६पासून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने ड्युगाँगसाठी देशभराचा कार्यक्रम हाती घेतला. गुजरात, अंदमान आणि तमिळनाडू ही तीन ठिकाणं. कोळ्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती, जाळ्यात सापडलेलं जनावर सोडणाऱ्याचा जाहीर सत्कार, कुठे ड्युगाँग दिसली तर कळवणाऱ्यांचं जाळं, असं त्याचं स्वरूप. बालाजींचं काम आणि हा कार्यक्रम एकमेकांना पूरक ठरले.

आणि मध्येच १६ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे गज वादळ आलं. पट्टुक्कोट्टै-पेरावूरणीच्या पट्ट्यातली लाखो नारळाची झाडं आडवी झाली. मल्लिपट्टिणमला नांगरलेल्या नौका एकमेकींवर आपटून फुटल्या. नारळ पुन्हा फळाला यायला वर्षं लागतात, नवी नौका घ्यायला कर्ज लागतं. अशा वेळी समुद्रगाईचं नाव काढणं म्हणजे भुकेल्याला पुराण सांगणं. तरी ते काम बंद पडलं नाही, याचं श्रेय मी गावांना देतो.

सप्टेंबर २०२१मध्ये तमिळनाडू सरकारने राखीव क्षेत्राची घोषणा केली, आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटर समुद्र देशातलं पहिलं ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्यात १२ हजार हेक्टरांहून जास्त समुद्री गवत आहे. इथे सरकारने जो कायदेशीर प्रकार निवडला तो नीट पाहण्यासारखा आहे. अभयारण्य केलं असतं तर कोळ्यांचे हक्क आधी गोठले असते आणि मग तपासले गेले असते. वन्यजीव कायद्यातलं कलम ३६अ वेगळं आहे: सरकारी मालकीच्या क्षेत्रावर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करायचं. त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक गावपंचायतीचा प्रतिनिधी असतो. कोळ्यांवर नवी बंधनं लादणार नाही, असंही सरकारने सांगितलं. ऑक्टोबर २०२५मध्ये अबू धाबीत भरलेल्या जागतिक निसर्ग संवर्धन परिषदेने या क्षेत्राची दखल घेतली.

याच्या शेजारी दुसरी योजना ठेवून पाहा. २०१७मध्ये केंद्राने पाल्कच्या उपसागरातले दोन हजार ट्रॉलर हटवून त्यांच्या मालकांना खोल समुद्रात टुना पकडणाऱ्या नौका द्यायचं ठरवलं. नौकेची किंमत ८० लाख, त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, वीस टक्के राज्याचा, उरलेलं कर्ज आणि मालकाच्या खिशातून. कागदावर हिशेब चोख. पण रात्री जाऊन सकाळी परतणाऱ्या माणसाने आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात कसं राहायचं, टुनाचा गळ कुणी शिकवायचा, घरी काय सांगायचं, याची उत्तरं त्या हिशेबात नव्हती. घेणारे फार थोडे निघाले. पैसा दोन्हीकडे सरकारचाच होता, फरक पडला तो आधी कुणाशी बोललं गेलं यामुळे.

आता मनोऱ्याजवळ आंतरराष्ट्रीय ड्युगाँग संवर्धन केंद्र उभं करायचं राज्याने जाहीर केलं आहे. माझ्या मनात थोडी धाकधूक आहे. किनाऱ्यावर एक भव्य इमारत आली की सगळ्यांचे डोळे इमारतीकडे लागतात, ही खोड या जागेला १८१४पासून आहे. केंद्रात काचेमागे गवत दाखवतील, पडद्यावर समुद्रगाय पोहताना दाखवतील, तटाच्या सावलीत आइस्क्रीमवाले येतील. येऊ देत. वेळासच्या कासव महोत्सवाने रत्नागिरीतल्या घरांना पाहुण्यांचं उत्पन्न मिळवून दिलं, ते पाहुण्यांना गावातल्या घरांतच उतरवल्यामुळे. मल्लिपट्टिणमच्या बायका मासळी वाळवतात, विकतात. केंद्राचं खानावळीचं कंत्राट त्यांच्या बचतगटाला जातं की चेन्नईच्या ठेकेदाराला, यावरून बरंच कळेल.

खरी कसोटी मात्र रात्रीच्या होडीत लागते. ड्युगाँग फुफ्फुसांनी श्वास घेते, काही मिनिटांनी तिला वर यावंच लागतं. जाळ्यात गुरफटली की ती थोड्याच वेळात गुदमरते. तेव्हा दोघा-तिघांच्या होडीत ठरवायचं असतं की जाळं कापायचं की नाही. जाळं कर्जाने घेतलेलं, त्यात रात्रीची मासळी. इथल्या कोळ्यांनी जाळी कापून ड्युगाँग सोडल्या आहेत, वनखात्याने त्यांना बक्षिसं दिली आहेत, वर्तमानपत्रांत फोटोही आले आहेत. पण बक्षीस समारंभात मिळतं आणि जाळं दुसऱ्या दिवशी लागतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८पासून कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं यांची योजना आहे: कासव, देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मोबाइलवर फोटो काढायचा, अर्ज करायचा. तंजावरच्या किनाऱ्यावर पंचायतींच्या प्रतिनिधींनी मांडावी अशी ही मागणी आहे, आणि समितीत त्यांना खुर्ची दिलेली आहेच. बक्षिसाची रक्कम किती आणि फोटोत कोण, यापेक्षा कापलेल्या जाळ्याचे पैसे किती दिवसांत हाती पडतात, हे त्यांना आधी ठरवून घ्यावं लागेल.