खाच मोजणारा डोळा

यंत्राकडून 23 तिकिटं यायची होती आणि नवव्या तिकिटावर ते अडलं. पुण्यातल्या एका मॉलमधला गेमिंग झोन, आणि खेळ चेंडू घरंगळत सोडण्याचा. चेंडू टोकाच्या चढावरून उसळतो आणि गोल कड्यांमध्ये पडतो. या खेळाचं अमेरिकी पेटंट 1908 सालचं आहे. माझ्या भाचीने तिथल्या मेकॅनिकला गाठलं, "दादा, माझी 14 राहिली!" तो हसला. "मिळतील गं. त्याला आठवतं." आणि त्याने खालचं दार उघडलं.

आत काय असतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तिकिटांची न संपणारी पट्टी पंख्यासारख्या घड्या घालून खोक्यात बसवलेली. एक तिकीट साधारण 1 इंच रुंद आणि 2 इंच लांब. 2000 तिकिटांचा गठ्ठा उलगडला, तर शंभर मीटरहून लांब पट्टी होते! पट्टीचं टोक रबरी रोलरमधून जातं, छोटी मोटर तो रोलर फिरवते आणि कागद पुढे सरकतो. इथवर काही अवघड नाही.

पण मोजतं कोण? तिकिटावर आकडा छापलेला असला तरी यंत्र तो वाचत नाही. दोन तिकिटांच्या मधोमध, फाडायच्या टोचलेल्या रेषेवर एक बारीक खाच कापलेली असते. पट्टीच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा दिवा असतो आणि समोर तो प्रकाश ओळखणारा सेन्सर. कागद मध्ये असतो तोवर अंधार. खाच आली की क्षणभर उजेड, की पुन्हा अंधार. प्रत्येक लुकलुकीला खेळाचं मुख्य बोर्ड द्यायच्या तिकिटांतून एक वजा करतं. मला याचं फार नवल वाटलं: सगळा हिशेब कागदावर नाही, कागद जिथे नाही त्या जागेवर उभा आहे.

लुकलुक होण्यालाच महत्त्व आहे, नुसत्या उजेडाला नाही. पट्टी संपली की दिव्यासमोर काहीच उरत नाही, उजेड कायम राहतो आणि नवी खाच येत नाही. बोर्ड ठरावीक वेळ वाट पाहतं, मोटर बंद करतं आणि माणसाला बोलवा म्हणतं. भाचीच्या बाबतीत हेच झालं होतं.

चूक कोणत्या बाजूला होते, हेही पाहण्यासारखं आहे. समजा खाचेवर अपारदर्शक चिकटपट्टी बसली. ती खाच दिसत नाही, बोर्डाला वाटतं तिकीट गेलंच नाही, आणि ते आणखी एक देतं. म्हणजे फायदा खेळणाऱ्याचा. उलट कागदाला मध्येच भोक पडलं, तर एका तिकिटाची दोन मोजली जातात आणि मुलाच्या हातात कमी येतं. कागदाच्या बारीक भुशाने सेन्सर पुरता झाकला, तर यंत्र मोजणंच विसरतं आणि तिकिटं भराभरा बाहेर पडत राहतात, थांबायची वेळ येईपर्यंत. म्हणून मेकॅनिकने नवा गठ्ठा जोडण्याआधी ब्रशने सेन्सरवरची धूळ झटकली.

सगळ्यात देखणी गोष्ट मात्र थांबण्याची आहे. मोटर फिरती असताना वीज तोडली, तरी ती जरा पुढे जाते. तेवढ्यात फाडायची रेष यंत्राच्या तोंडाच्या पुढे सरकली, तर पोरं ओढाताण करून तिकीट वाकडंतिकडं फाडतात. मग ब्रेक कसा लावायचा? मोटरच्या दोन तारा एकमेकींना जोडून द्यायच्या. फिरणारी मोटर स्वतःच वीज निर्माण करू लागते, ती वीज त्याच तारांतून वाहते आणि फिरण्यालाच विरोध करते. खेळण्यातली मोटर हाताशी असेल, तर तिचा दांडा बोटांनी फिरवून पाहा. मग दोन तारा एकत्र जोडून पुन्हा फिरवा. तोच दांडा जड लागतो. बाहेरचा कोणताही ब्रेक नाही, तिची धावच तिला रोखते.

मुळात किती तिकिटं द्यायची, हे खेळाच्या सेटिंगमध्ये ठरतं: किती गुणांना किती तिकिटं, हरलेल्यालाही किमान किती द्यायची. काही ठिकाणी एक तिकीट दोनाच्या किमतीचं छापतात. कागद निम्मा लागतो, सेटिंगही तितकीच बदलावी लागते. हरलेल्याला निदान एक तिकीट मिळावं, हे ठरवणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मेकॅनिकने पट्टी रोलरमध्ये सरकवली, दार लावलं. स्क्रीनवर 14 होतं. घरघर सुरू झाली. भाची मोठ्याने मोजत होती, दहा, अकरा, बारा… चौदावं तिकीट आलं आणि फाडायची रेष बरोबर तोंडाच्या कडेवर येऊन थांबली. तिने एका झटक्यात पट्टी फाडली. कड सरळ निघाली, आणि शेवटच्या तिकिटाच्या टोकाला अर्धी खाच राहिली.